बचतीसाठी नाणी घ्यायची तर सोन्याचीच घ्यावीत का?

काटेतोल :
दागिना नको, निव्वळ धातू साठवायचा आहे आणि तो नाण्यांच्या रूपात हवा आहे, असे ज्याने ठरवले आहे त्याने चांदीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाणे पाडण्याचा, हाताळण्याचा आणि पोचवण्याचा खर्च धातू स्वस्त असला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे एका ट्रॉय औंसाच्या, म्हणजे 31.1 ग्रॅमच्या, सोन्याच्या नाण्यावर बाजारभावापेक्षा जे थोडे टक्के जास्त मोजावे लागतात, त्याच्या कितीतरी अधिक टक्के तेवढ्याच वजनाच्या चांदीच्या नाण्यावर मोजावे लागतात. विकताना त्यातले फारसे हाती लागत नाही.

जागेचेही तसेच. एक औंस सोन्याला 80 औंस चांदी असा भाव धरला, तर तेवढ्याच किमतीची चांदी अडीच किलोच्या घरात जाते आणि ती सोन्यापेक्षा बरीच हलकी असल्याने तिला जवळजवळ दीडशेपट जागा लागते. युरोपीय संघात तर गुंतवणुकीच्या सोन्यावरचा मूल्यवर्धित कर 2000 सालापासून माफ आहे. चांदीला ती सवलत नाही. आणि भावाचा इतिहास पाहा : जानेवारी 1980 मध्ये औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेलेली चांदी मार्चअखेर 11 डॉलरच्या आसपास आली, आणि पुन्हा त्या उंचीजवळ जायला तिला 2011 साल उजाडले.

रुपेरी :
आपण 1980 चे उदाहरण अर्धेच दिले आहे. त्याच जानेवारीत सोने 850 डॉलरवर गेले होते, आणि तो आकडा पुन्हा गाठायला त्यालाही 2008 पर्यंत थांबावे लागले. शिखरावर खरेदी करणाऱ्याला कोणताच धातू तारत नाही, मग दोष एकट्या चांदीला कशासाठी?

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्याची बचत लहान आहे आणि ज्याला ती गरजेप्रमाणे थोडी थोडी मोडावी लागणार आहे, त्याच्याकडे एकच एक औंसाचे सोन्याचे नाणे असेल, तर किरकोळ अडचणीसाठीही त्याला सगळी पुंजी एकाच दिवशी, त्या दिवशी मिळेल त्या भावाने विकावी लागते. यावर दशांश औंसाची सोन्याची नाणी सुचवली जातात; पण दहा नाणी पाडण्याची मजुरी एका नाण्यापेक्षा जास्तच असणार, म्हणजे आपण चांदीविरुद्ध मांडलेला खर्चाचा मुद्दा तिथे आपल्यावरच उलटतो. शिवाय चांदीच्या मागणीचा निम्म्याहून अधिक भाग उद्योगांतून, विशेषतः विद्युत उपकरणे आणि सौर पॅनेल यांतून येतो, हा तिचा भक्कम आधार आहे.

काटेतोल :
त्या आधाराची भक्कमता मार्च 2020 मध्ये दिसली. कारखाने थंडावताच एक औंस सोन्यासाठी 120 हून अधिक औंस चांदी द्यावी लागेल, अशी स्थिती आली. बचत मोडण्याची वेळ बहुधा अशाच काळात येते. लहान नाण्यांबाबतचा आक्षेप रास्त आहे. म्हणून पाव औंसाच्या खाली जाऊ नये, एवढीच भर घालतो.

कसोटी :
धातूवर एवढा वाद घालताना कोणते नाणे, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला आहे. 9999 शुद्धतेच्या, म्हणजे दहा हजार भागांत 9999 भाग सोने असलेल्या नाण्याच्या, हव्यासापायी पुष्कळ जण 22 कॅरेटचे नाणे नाकारतात, हे मला अनाकलनीय वाटते. दक्षिण आफ्रिकेचे 1967 पासूनचे क्रुगरँड 22 कॅरेटचे आहे, पण त्याचे एकूण वजन 33.93 ग्रॅम असल्याने चोख सोने पूर्ण एक औंसच भरते. उरलेल्या वजनाचे तांबे नाणे टणक करते. कॅनडाचे मेपल लीफ अधिक शुद्ध, म्हणूनच मऊ, आणि त्यावर ओरखडे लवकर उठतात. चांदीच्या नाण्यांवर तर दुधाळ डाग पडतात. मखमली पेटीतली झगमगीत प्रूफ नाणी मात्र बचत करणाऱ्याने घेऊच नयेत. ती संग्राहकांसाठी असतात.

रुपेरी :
दुधाळ डागांचा बाऊ संग्राहकाने करावा. धातूच्या भावाने विकणाऱ्याला वजन आणि शुद्धता पुरेशी असते. प्रूफ नाण्यांविषयी पूर्ण सहमती. परंतु ज्याला दोन-तीन वर्षांत रक्कम तुकड्यातुकड्याने लागणार आहे, त्याने पाव औंस सोन्यापेक्षा 25 चांदीच्या नाण्यांची सीलबंद नळी घ्यावी आणि जास्तीचे टक्के हा मोडीच्या सोयीचा खर्च समजावा, या मतावर मी ठाम आहे.