खिशातली टॉर्च: तुम्ही कोणती निवडली आणि का?

उन्हाळ्यात राजगडावरून चोरदरवाजाने उतरायला अंधार पडला. एक हात रेलिंगला, दुसऱ्या हातात मोबाइल. कातळाला धरायला हातच उरला नाही, आणि मागून येणाऱ्या मैत्रिणीपर्यंत उजेड पोचतच नव्हता. घरी आल्यावर पहिल्यांदा नीट टॉर्च शोधायला बसलो.

शेवटी एका १८६५० सेलवर चालणारी, वीतभरापेक्षाही लहान अशी घेतली. (१८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी, हे मलाही तेव्हाच कळलं.) सेल बाहेर काढता येतो, म्हणून तो म्हातारा झाला तरी टॉर्च टाकून द्यावी लागणार नाही. क्लिप दोन्ही बाजूंनी अडकते, त्यामुळे ती टोपीच्या पुढच्या कडेला लावून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेलं असतं. तेवढा उजेड काही मिनिटंच टिकतो. टॉर्च तापते आणि स्वतःच उजेड उतरवते. शिवाय ल्युमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही. पायवाटेवर मला १०० ते १५० ल्युमेन पुरतात. म्हणून त्या पातळीवर टॉर्च किती तास चालते ते बघा.

तुमचे अनुभव लिहा. कुठे वापरता, काय जमलं, काय फसलं, सगळं हवंय.

सांगली जिल्हा, ऊस शेती

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणजे दीड-दोन वाजता उसाला पाणी पाजायला निघायचं. दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, खोरं धरावं लागतं, त्यामुळे बॅटरी काखेत नाहीतर तोंडात.

आधी माझ्याकडे लांब झोताची मोठी बॅटरी होती. पार पलीकडच्या बांधावरचं लिंबाचं झाड दिसायचं, पण पायाशी नुसता एक पांढरा डाग आणि भोवती काळोख. दोन वर्षांपूर्वी पाचटात (उसाच्या वाळलेल्या पाल्यात) घोणस वेटोळं घालून बसली होती, पायापासून दीड हातावर. तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि वाळलेलं पाचट, दोन्हींचा रंग एकच. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला म्हणून मी जागीच थांबलो, नाहीतर पुढचं पाऊल तिच्यावरच पडलं असतं.

त्यानंतर लहान घेतली, पण उजेड पसरट आणि जरा पिवळसर, ४००० केल्विनच्या आसपासचा (उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर). निळसर पांढऱ्या उजेडात ओली माती, पाला, काटकी सगळं एकाच राखी रंगाचं दिसतं. पिवळसर उजेडात वेगवेगळं ओळखू येतं. अर्थात गमबूट आणि काठी बॅटरीच्या आधी. रात्री उशाशीही हीच बॅटरी असते. मण्यार रात्रीच फिरते, त्यामुळे उजेड पाडल्याशिवाय आमच्या घरात कुणी पाय खाली टाकत नाही.

पुणे, रुग्णालयात परिचारिका

मी अगदी उलट कारणासाठी निवडली. मला कमीत कमी उजेड हवा होता.

रात्रपाळीत पहाटे तीनला सलाइन बघायचं, लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचायचा, आणि सहा खाटांवरच्या कुणाचीही झोप मोडू द्यायची नाही. माझी आधीची टॉर्च शेवटी ज्या उजेडावर बंद केली, त्याच उजेडावर पुन्हा सुरू व्हायची. घरी गच्चीवर पूर्ण उजेड वापरला आणि दुसऱ्या रात्री तोच झोत एका आजींच्या तोंडावर पडला. किती दचकल्या त्या! मला फार वाईट वाटलं. आताची टॉर्च बटण दाबून धरलं की एक ल्युमेनच्याही खालच्या उजेडावर सुरू होते, दरवेळी. विकत घेताना हे दुकानातच करून बघा.

दुसरं म्हणजे सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, जास्तीत जास्त १००) ९० च्या वरचा घ्या. साध्या टॉर्चमध्ये ओठ निळसर झालेत की उजेडच तसा आहे, हे कळत नाही.

दापोली

वरच्या दादांचं सुटा सेल पटलं, पण मी अजून मागे जाऊन साध्या पेन्सिल सेलवर आले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घराची कौलं उडाली, खांब आडवे झाले आणि आमच्या वाडीत कितीतरी दिवस वीज नव्हती. चार्जिंगची टॉर्च तिसऱ्या दिवशी संपली. वाण्याकडे पेन्सिल सेल मिळत होते, त्यावर आमचं घर चाललं. टॉर्च पेल्यात उभी करून झोत वर पांढऱ्या पत्र्यावर सोडायचा, की सगळ्या खोलीत मऊ उजेड. सासूबाई त्यातच पोळ्या लाटायच्या.

एक मात्र सांभाळा. अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका. माझ्या एका टॉर्चमध्ये पांढरी पूड साचून स्प्रिंग खाल्ली गेली. व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून पुसल्यावर ती कशीबशी सुरू झाली. आता रोजच्यासाठी रिचार्जेबल निकेलचे सेल, आणि पाकीटबंद अल्कलाइन फळीवर वेगळे.

ठाणे, लिफ्ट दुरुस्ती

मागे चुंबक हवंच. पॅनेलच्या दाराला चिकटवली की दोन्ही हात कामाला. सीआरआयचं परिचारिका ताईंनी लिहिलंय ते वायरलाही लागू आहे. स्वस्त उजेडात लाल आणि तपकिरी सारखीच दिसते.

खिशात बटण दाबलं जाऊन एकदा मांडीला चटका बसला, कापडावर डाग पडला. तेव्हापासून शेपटीचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवतो. बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये तेवढ्याने वीज तुटते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी

सुटे लिथियम सेल (१८६५० सारखे) हातातल्या सामानात, प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत. चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

नाशिक

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला येणाऱ्यांना कळकळीने सांगायचंय: तिथे तुमची सगळ्यात तेज टॉर्च काढू नका. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नराची मादीला हाक असते, आणि झोत पडला की ती हाक हरवते. मी लाल उजेडाचीही सोय असलेली टॉर्च घेतली. तो उजेड अगदी मंद, पायाशी, तेही चालतानाच. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी वाया घालवतो. गेल्या वर्षी आम्ही सात जण हिरड्याच्या एका झाडाखाली सगळं बंद करून बसलो. पंधराव्या मिनिटाला माझ्या मुलीने हळूच विचारलं, "बाबा, हे झाड श्वास घेतंय का?"