अनुभव धागा: घरच्या मिक्सरवर पिना कोलाडा

मंडळी, नाताळ आणि 31 डिसेंबर जवळ आलेत. ज्यांच्या घरी पिना कोलाडा नीट जमतो त्यांनी प्रमाणासकट लिहा. 'मस्त झालं' एवढंच नको. काय बिघडतं आणि का, ते हवं. पेय पोर्तो रिकोचं. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं एका ग्लासाचं प्रमाण: 50 मिली पांढरी रम, 30 मिली नारळाचं क्रीम, 50 मिली ताजा अननसरस.

नेरुळकर
सगळा खेळ नारळाचा. दुकानात कोकोनट मिल्क, कोकोनट क्रीम आणि क्रीम ऑफ कोकोनट शेजारी शेजारी असतात. गोड असतं ते तिसरं. बिनसाखरेचं क्रीम तसंच घातलं की पेय सपक लागतं. घरी करायचं तर मोठा नारळ खवून 150 मिली गरम पाण्याबरोबर वाटा आणि मलमलच्या कापडातून घट्ट पिळा. साधारण 200 मिली जाड दूध निघतं. (चोथ्यात पाणी घालून पातळ दूध काढा, सोलकढीला होतं.) जाड दुधात 120 ग्रॅम साखर आणि दोन चिमटी मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळा. वाफ दिसली की बंद. उकळी आली तर दूध फाटतं, तेल वर तरंगतं. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. वर पांढरा थर धरला तर टाकून देऊ नका, खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतंच. अर्धा तास बाहेर ठेवा आणि हलवून घ्या.

पाचपाखाडी
अननस ठाण्यात जांभळी नाक्याला घ्या किंवा वाशीच्या एपीएमसी बाजारात, बुडाचा वास घेऊनच. तोडल्यावर अननस गोड होत नाही, फक्त रंग बदलतो. त्यामुळे 'दोन दिवसांत पिकेल' यावर विश्वास नको. आंबूस वास आला तर तो उतरलेला. डोळे आणि मधला दांडा काढून छोट्या फोडी करा, ताटात सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरला ठेवा. बर्फाचं काम याच फोडी करतात, पेय पाणचट होत नाही.

खारघर, सेक्टर 12
नारळाऐवजी व्हॅनिला आइस्क्रीम घातलं तर?

पाचपाखाडी
कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्याच वेळात कडवट चव येते. आइस्क्रीम घालायचंच असेल तर डब्यातला अननस घ्या, तो तापवलेला असतो. नाहीतर फोडी पाच-सात मिनिटं शिजवून गार करा. पण नारळ असताना आइस्क्रीम कशाला?

घोडबंदर रोड
मिक्सरचा क्रम महत्त्वाचा. दोन ग्लासांसाठी 100 मिली रम, 80 मिली रस, 70 मिली साखर घातलेलं नारळाचं क्रीम आणि अर्ध्या लिंबाचा रस आधी दहा सेकंद फिरवा, मग दीड कप गोठलेल्या फोडी. थिजलेलं क्रीम थेट फोडींवर पडलं तर वाळूसारखे कण राहतात, ते पुन्हा फिरवूनही जात नाहीत. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, थांबत थांबत फिरवा. सलग चालवलं तर भांडं तापतं आणि पेय विरघळतं. रम वाढवली तर पेय दाट राहतच नाही, कारण अल्कोहोल गोठत नाही. जास्त चव हवी असेल तर गडद रमचे 10 मिली चमच्यावरून वर सोडा.

नेरुळकर
लिंबू वगळू नका, त्याशिवाय गोडवा अंगावर येतो. मुलांसाठी रमच्या जागी तेवढंच शहाळ्याचं पाणी आणि उरलेलं अर्धं लिंबू. हा घाणा आधी काढा, भांड्याला रम लागायच्या आत. आणि महाराष्ट्रात रमसाठी वय 25 पूर्ण लागतं, कॉलेजातल्या पोरांनाही हाच घाणा.

खारघर, सेक्टर 12
मे महिन्यात हापूस चालेल?

घोडबंदर रोड
चालेल, पण निम्म्या फोडी अननसाच्या ठेवाच. नुसत्या हापूसचा आंबटपणा कमी पडतो आणि मिल्कशेक होतो. साखरेचं क्रीम 70 ऐवजी 50 मिली.