भीमाशंकरला हिरडा पाडणं चालतं का?

कोथरूडकर: परवा भीमाशंकरच्या वाटेवर पोरं झाडावर चढून काठीने कोवळे हिरडे पाडत होती. 1985पासून अभयारण्य आहे ना हे? शेकरूंनी जायचं कुठं?

आंबेगावची सून: दादा, तो बाळहिरडा. उन्हाळ्यात पाडायचा, अंगणात वाळवायचा, व्यापाऱ्याला घालायचा. भात घरात खाण्यापुरता, हातात रोख पैसा येतो तो हिरड्याचा. म्हणून हिरड्याला आमच्यात कुऱ्हाड लावत नाहीत. भावाभावांच्या वाटणीत झाडं मोजून घेतात. फांदी मोडून पाडणारे आळशीही आहेत, नाही असं नाही. माझी सासू त्यांना भर वाटेत शिव्या घालते.

सह्याद्रीवेडा: 2006चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून हिरड्यासारखं जंगलात मिळणारं, गोळा करायचा हक्क त्यातच आहे, आणि कलम 5 नुसार जंगल राखायचं कामही ग्रामसभेकडे येतं.

कोथरूडकर: बरं. मग शेकरू?

आंबेगावची सून: ते शेंड्याशी घरटं बांधतं, फांदीवरून फांदीवर जातं. झाडं एकमेकांना भिडलेली हवीत. रस्ता रुंद केला, पार्किंग केलं की ती साखळी तुटते. त्या गाड्या हिरडेवाल्यांच्या नसतात हो.