हेलिओस्फिअरला ‘ढाल’ म्हणणे थांबवावे काय?

दांडियाबाजारकर:
गेल्या रविवारी आमच्या भागातील एका वाचनालयात वैश्विक किरणांवर, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या अतिवेगवान कणांवर, मराठीतून व्याख्यान झाले. वक्त्यांनी फळ्यावर सूर्य काढला, त्याभोवती खडूने हेलिओस्फिअरचे, म्हणजे सौरवाऱ्याने व्यापलेल्या प्रदेशाचे, जाड वर्तुळ ओढले आणि ही आपली ढाल, असे सांगितले. पुढच्या रांगेतील एका शाळकरी मुलीने विचारले, “सूर्यावर डाग वाढले की किरण कमी होतात, म्हणजे ढाल जाड होते का?” “हो, साधारण तसेच” हे उत्तर मला पटले नाही, म्हणून हा धागा.

सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत निघणारा विद्युतभारित कणांचा झोत, सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने बाहेर वाहतो आणि सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्या क्षेत्राच्या रेषांना पीळ पडतो, शिवाय त्यांत लहानमोठ्या असंख्य सुरकुत्या असतात. पृथ्वीजवळच्या साधारण 5 नॅनोटेस्ला क्षेत्रात 1 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन सुमारे 11 लाख किलोमीटर त्रिज्येच्या गिरक्या घेतो, आणि त्याच मापाची सुरकुती वाटेत आली की त्याची दिशा बदलते. अशा ठेचा खात तो आत सरकतो, वारा त्याला बाहेर लोटतो, आणि पसरत जाणाऱ्या वाऱ्यात त्याची ऊर्जाही घटत जाते. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या समीकरणात हेच सगळे आहे. त्यात भिंत कुठेही नाही.

नवरात्रात गरबा सुटल्यावर मैदानातून लोंढा बाहेर पडत असताना विसरलेली चप्पल आणायला आत शिरून पाहावे. कोणीही अडवत नाही, पण प्रत्येक खांद्याचा धक्का बसतो, चार पावले पुढे गेले की तीन मागे यावे लागते, आणि पोहोचेपर्यंत माणूस दमलेला असतो.

सयाजीगंजचा वाचक:
उपमा चांगली आहे, पण त्या मैदानाला कुंपणही असते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. व्हॉयेजर 1 यानाने 25 ऑगस्ट 2012 रोजी, सूर्यापासून सुमारे 122 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), हेलिओस्फिअरची सीमा ओलांडली तेव्हा आतल्या बाजूचे कण हजारपटीहून अधिक घटले आणि दीर्घिकेतून येणारे किरण थोड्या आठवड्यांत वरच्या पातळीवर जाऊन तिथेच राहिले. व्हॉयेजर 2 ने 5 नोव्हेंबर 2018 रोजी सुमारे 119 एककांवर अशीच स्पष्ट सीमा नोंदवली. ज्याच्या दोन्ही बाजूंना मोजमाप इतके बदलते त्याला वर्तुळाने दाखवण्यात कसली चूक? शिवाय संशोधकही 1968 पासून ग्लीसन आणि ॲक्सफर्ड यांच्या रीतीने हा सगळा अडथळा एकाच आकड्यात मांडतात, जणू कणाला काहीशे मेगाव्होल्टचा चढ चढायचा आहे. त्यांना जे चालते ते शाळकरी मुलीलाही चालावे.

मांजलपूर ३९०:
एका आकड्याचा चढ हिशेबाला सोयीचा आहे, हे मान्य. पण त्याला ध्रुवता, म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा, कळत नाही, आणि ढालीलाही ती कळत नाही. न्यूट्रॉन मॉनिटर या, जमिनीवरून वैश्विक किरणांची नोंद ठेवणाऱ्या उपकरणाच्या आलेखात 1965 आणि 1987 ची शिखरे टोकदार आहेत, तर 1976 आणि 1996 ची माथ्यावर सपाट. दर अकरा वर्षांनी सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात. एका स्थितीत प्रोटॉन ध्रुवांकडून आत येतात, तर दुसरीत विषुववृत्ताजवळ विरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रे जिथे भेटतात त्या लहरी, झालरीसारख्या पडद्याच्या कडेने, आणि म्हणून पडदा किती तिरका आहे यावर त्यांची संख्या फार अवलंबून राहते. इलेक्ट्रॉनांच्या वाटा नेमक्या उलट असतात. मात्र या प्रवाहांचेही स्तोम माजवू नये, कारण युलिसिस यान ध्रुवांवरून गेले तेव्हा अक्षांशानुसार पडलेला फरक भाकितापेक्षा बराच कमी निघाला.

निझामपुऱ्याहून:
ढाल हा शब्द वापरायचाच असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रासाठी वापरावा. आपल्या बडोद्याच्या अक्षांशावर सुमारे 15 गिगाव्होल्टच्या खालचे बहुतेक कण तेच परतवते, आणि सूर्याचा प्रभाव ज्यांच्यावर सर्वाधिक पडतो ते नेमके हेच कण. शेजारी अहमदाबादला विक्रम साराभाईंनी 1947 मध्ये उभारलेल्या प्रयोगशाळेत सुरुवातीपासून याच किरणांचा अभ्यास झाला, तोही अशा ठिकाणाहून जिथे हे चढउतार थोड्या टक्क्यांचेच दिसतात.

दांडियाबाजारकर:
कुंपणाचा मुद्दा मान्य; तो मी टाळायला नको होता. तरी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. डागांची संख्या वाढल्यानंतर किरणांतील घट काही महिने, कधी वर्षभर उशिरा दिसते, कारण नवा खवळलेला वारा सीमेपर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तोवर दूरच्या टप्प्यात जुनाच शांत वारा असतो. सूर्याच्या बदलांना किरण असे रेंगाळत प्रतिसाद देतात, याचे स्पष्टीकरण लांबच्या वाटेतच सापडते. पुढच्या व्याख्यानात वर्तुळ राहू द्यावे, पण आतून बाहेर जाणारे बाणही काढावेत, एवढीच विनंती मी करणार आहे. आणि ‘गाळणी’ हा शब्द कसा वाटतो?

सयाजीगंजचा वाचक:
बाणांना हरकत नाही. गाळणी मात्र नको. तिच्यातून बारीक ते खाली पडते आणि जाड ते वर राहते, इथे तर कमी ऊर्जेचे कण अडतात आणि जास्त ऊर्जेचे सरळ आत येतात. त्या मुलीने याच विसंगतीवर बोट ठेवले तर वक्ते पुन्हा “साधारण तसेच” म्हणतील.