काकांच्या ट्रंकेतली भोकांची पट्टी: सिग्नल सेंटरात कॉम्प्युटर नेमकं काय करायचा?

शिक्षिका_रामबाग (इंदूर)

नमस्कार. मी इथे बीसीएच्या मुलांना शिकवते. आमचे मोठे काका सैन्यात सिग्नल्सला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात होते. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या ट्रंकेतून दोन वस्तू निघाल्या. एक म्हणजे भोकं पाडलेली तेलकट कागदी पट्टी. दुसरी तळहाताएवढी चौकट. तिच्यात बारीक तारांची जाळी आहे आणि तारा एकमेकींना छेदतात तिथे मोहरीएवढ्या काळ्या कड्या ओवलेल्या आहेत. कड्या फेराइटच्या आहेत आणि ही जुन्या कॉम्प्युटरची मेमरी आहे, एवढं मला कळतं.

वर्गात दाखवल्यावर मुलांनी लगेच विचारलं, "मॅडम, यावर हिशोब कसले करायचे? तोफांच्या नेमाचे?" पुस्तकातलं उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. निरोप इकडून तिकडे पाठवायला खोलीभर कॉम्प्युटर कशाला लागत होता? महूला सिग्नल्सचं शिकलेलं किंवा टेलिप्रिंटरवर (तारेवरून अक्षरं पाठवणाऱ्या आणि छापणाऱ्या यंत्रावर) बसलेलं कोणी असेल तर कृपया सांगा. पट्टीवर एका ओळीत दोन भोकं, पुढच्या ओळीत तीन, परत दोन, परत तीन, असं हातभर चाललंय.

निवृत्त_सुभेदार (महू)

ताई, आधी पट्टीचं सांगतो. दोन भोकं म्हणजे दुसरं आणि चौथं असेल, आणि तीन म्हणजे पहिलं, तिसरं, पाचवं. पाच खुणांच्या कोडमध्ये दोन भोकांचं होतं 'आर', तीन भोकांचं 'वाय'. ही आरवाय-आरवायची टेस्ट टेप आहे. दर अक्षराला पाचही खुणा उलटतात, त्यामुळे रिले (विजेने चालणारा स्विच) नीट चालत नसेल किंवा मशीनचा वेग सरकला असेल तर अक्षरं इथेच बिघडतात. निरोप सोडायच्या आधी लाइन हिनेच तपासायची. मधली बारीक भोकांची रांग पट्टी पुढे ओढणाऱ्या दातांसाठी.

आता मुलांचा प्रश्न. सिग्नल सेंटरातल्या कॉम्प्युटरला हिशोब फारसा नव्हताच. निरोप हरवू न देणं, हे त्याचं काम.

हाताने हे कसं चालायचं ते मुलांना जरूर सांगा. 50 बॉडला, म्हणजे सेकंदाला 50 खुणांच्या वेगाला, टेलिप्रिंटर मिनिटाला साधारण 66 शब्द घेतो. म्हणजे तीनशे शब्दांच्या निरोपाला साडेचार मिनिटं आणि सुमारे पंधरा फूट पट्टी. पट्टी रीपरफोरेटरमधून (आलेला निरोप भोकांत उतरवणाऱ्या यंत्रातून) बाहेर आली की ऑपरेटर ती फाडणार, डोक्यावरचा पत्ता वाचणार आणि पुढच्या लाइनच्या ट्रान्समीटरपाशी नेऊन लावणार. पत्ते तीन असतील तर तीनदा. मध्येच फ्लॅश, म्हणजे सगळ्यात तातडीचा निरोप, आला तर बाकी सगळं बाजूला आणि फ्लॅश आधी. अशा गर्दीत एखादी पट्टी टेबलाखाली गेली तर? म्हणून प्रत्येक लाइनवर निरोपांना ओळीने नंबर. 041 नंतर एकदम 043 आला की 042 सापडेपर्यंत कोणाला चैन नसे. कुठल्या तरी तुकडीचं रेशन, दारूगोळा, नाहीतर जखमी जवान त्या नंबरात असू शकतो, हे आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात मनावर ठसवलं होतं.

अमेरिकेत कॉम्प्युटरने नेमकं हेच काम उचललं. त्यांच्या हवाई दलाने सामानसुमानाच्या निरोपांसाठी कॉमलॉगनेट नावाचं जाळं बांधायला घेतलं, त्यावर पंचकार्डांवरचे (भोकं पाडलेल्या कार्डांवरचे) निरोप धावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचंच पुढे सगळ्या सैन्यदलांसाठी ऑटोडिन झालं. उभारणी वेस्टर्न युनियन या तार कंपनीची, निरोप योग्य लाइनवर वळवायला आरसीए कंपनीचे कॉम्प्युटर. मशीन निरोपाचं शीर्ष वाचतं, प्राधान्याप्रमाणे रांगेत लावतं, कार्डावरून आलेलं टेलिप्रिंटरच्या वेगात आणि कोडमध्ये बदलून पुढे देतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निरोप स्वतःकडे पक्का नोंदला गेल्याशिवाय मागच्याला पोच देत नाही. पोच दिली की जबाबदारी त्याच्या अंगावर. मला त्या यंत्रांचं कौतुक आहे ते याच गोष्टीसाठी.

लोकमान्यनगर_इंजिनिअर (इंदूर)

सुभेदारसाहेबांना नमस्कार. चौकटीबद्दल मी सांगतो. ही कोअर मेमरीची, म्हणजे अशा कड्यांच्या मेमरीची, एक प्लेन (एक सपाट थर). कडी एका दिशेने चुंबकित झाली की शून्य, दुसऱ्या दिशेने झाली की एक. वीज गेली तरी ते तसंच राहतं. निरोप सांभाळणाऱ्या यंत्राला आणखी काय हवं? वाचताना मात्र बिट पुसला जातो, म्हणून दर वेळी वाचून झाल्यावर मशीन तो परत लिहितं. एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या चमूने 1953 मध्ये व्हर्लविंड कॉम्प्युटरला ही मेमरी बसवली. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलेल्या टीआयएफआरएसी या कॉम्प्युटरतही हीच होती, 40 बिटांचे 2048 शब्द. म्हणजे एक्क्याऐंशी हजारांवर कड्या, आणि त्या तारांत ओवलेल्या. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावा.

पण ताई, "सैन्याच्या कॉम्प्युटरला हिशोब नव्हता" असं सरसकट सांगू नका. सेज ही अमेरिकेची हवाई संरक्षण यंत्रणा, तिचं पहिलं केंद्र 1958 ला सुरू झालं. रडारचे ठिपके टेलिफोनच्या तारांवरून यायचे आणि विमान पुढे कुठे असेल, याचा हिशोबच तिथे चालायचा. बिनखिडक्यांची काँक्रीटची इमारत, आत आयबीएमचा एएन/एफएसक्यू-7, वजन सुमारे 250 टन, वीज 3 मेगावॉटच्या घरात. कॉम्प्युटर दोन असायचे, एक कामावर आणि दुसरा तयारीत. तयारीतल्या मशीनवर तंत्रज्ञ मुद्दाम व्होल्टेज वरखाली करायचे. जो व्हॉल्व्ह (कॉम्प्युटरमधली काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) थकत आलाय तो तेव्हाच चुकतो, आणि खरं काम अंगावर यायच्या आत बदलता येतो. हजारो व्हॉल्व्हचं मशीन अहोरात्र चालतं ठेवायची ही युक्ती मला त्या अवाढव्य आकड्यांहून मोठी वाटते. आजच्या डेटा सेंटरात काम करणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

निवृत्त_सुभेदार (महू)

इंजिनिअरसाहेब, मान्य. मी सिग्नल सेंटरापुरतंच बोललो, रडारचा मामला वेगळा.

शिक्षिका_रामबाग (इंदूर)

दोघांचे मनापासून आभार. आरवाय तपासलं, अगदी तसंच आहे. शेवटी मात्र सात-आठ ओळींत पाचही भोकं आहेत. तिथे पट्टी खराब झालीय का? आणि या वस्तू मुलांच्या हातात देऊ का?

निवृत्त_सुभेदार (महू)

खराब नाही झाली. पाचही भोकं म्हणजे 'लेटर्स'ची खूण. चुकीचं अक्षर पडलं की पट्टी मागे घेऊन त्यावर पाचही भोकं मारायची, मशीन त्यावर काहीच छापत नाही. सलग असतील तर काकांनी तिथलं काहीतरी खोडलंय. मूळ अक्षरं आता निघणार नाहीत. पट्टी घडी करू नका, सैल गुंडाळून ठेवा. मुलांना उजेडासमोर धरून वाचू द्या, कोडचा तक्ता मी लिहून पाठवतो.

लोकमान्यनगर_इंजिनिअर (इंदूर)

चौकट हातात देऊ नका, काचेखाली ठेवा. तारेवरचं इनॅमल बोटाच्या घामाने खराब होतं आणि कडी तर जराशा दाबानेही तडकते. ओल्या कापडाने पुसूही नका. एक करा, भिंगाने एका कडीतून किती तारा जातात ते बघा. चार असतील तर रचना जुन्या धाटणीची, तीन असतील तर नंतरची. एका बाजूला कड्या किती, तेही मोजून इथे लिहा.