छांगआनच्या बंद वेशीआत तीन खून, अधिकाऱ्याने तपास करायचा तरी कसा?

गिरणाकाठचा_नाटक्या
राम राम मंडळी. आमचा जळगावात हौशी लोकांचा छोटा ग्रुप आहे, दिवसा कोणी दुकानावर कोणी शाळेवर आणि रात्री साडेनऊनंतर तालीम. यंदा एकांकिका लिहायचं माझ्या गळ्यात पडलं आणि मी जोशात बोलून बसलो की दरवेळी तेच सासू-सून, तीच शेतीची वाटणी नको, जुन्या चीनमधली मर्डर मिस्ट्री करू. आता निस्तरतोय.

प्लॉट असा आहे. तांग घराण्याचा काळ, राजधानी छांगआन. एकाच मोहल्ल्यात सात रात्रीत तीन खून. पहिला रेशमाचा व्यापारी, आढ्याला लटकलेला सापडतो. दुसरा त्याचा मुनीम, गोदामाला आग लागते त्यात जळालेला. तिसरा मोहल्ल्याच्या वेशीवरचा चौकीदार, कालव्यात. रात्री वेस बंद, म्हंजे बाहेरून कोणी येऊ शकत नाही. इथपर्यंत जमलं. पुढे अडकलो, कारण ना डीएनए ना सीसीटीव्ही ना मोबाईलचं लोकेशन, मग माझा अधिकारी नुसता मिशीवरून हात फिरवतो आणि खुनी कोण ते त्याला कळतं. आमच्या दिग्दर्शक ताई म्हणाल्या हे कीर्तन झालं, तपास नाही. त्यावर उपाय म्हणून मी त्याच्या हातात सोंग त्सी नावाच्या जुन्या चिनी न्यायाधीशाचं शवपरीक्षेचं पुस्तक दिलंय, ते वाचून तो शोध लावतो. चालेल का? जाणकारांनी मदत करा, तालीम पंधरा दिवसांवर आलीय.

रावेरची_केळी
पुस्तक चालणार नाही भो. तांग घराणं ६१८ ते ९०७, आणि सोंग त्सीचं पुस्तक आलं १२४७ साली. तुझा अधिकारी निदान तीनशे चाळीस वर्षांनंतरचं पुस्तक वाचतोय.

पण पुस्तकाची गरजच काय, तुझ्याकडे शहर आहे ना, तेच वापर. छांगआन म्हंजे नुसतं मोठं गाव नव्हतं, साधारण ८४ चौरस किलोमीटर, दहा लाखाच्या आसपास वस्ती आणि सगळं बुद्धिबळाच्या पटासारखं आखलेलं. १०८ मोहल्ले धरतात, प्रत्येकाला स्वतःची भिंत आणि स्वतःच्या वेशी. संध्याकाळी नगारा वाजला की वेशी बंद, पहाटेच्या नगाऱ्यापर्यंत मोठ्या रस्त्यावर माणूस दिसला की वीस छड्या. आता दोन गोष्टी लक्षात घे, इथंच तुझं नाटक आहे. एक, मोहल्ल्याच्या आत फिरायला रात्री बंदी नव्हती, भिंतीच्या आत तू कोणाच्याही घरी जाऊ शकतोस. दुसरं, बाहेर निघायलाही सवलत होती, सरकारी तातडीचं काम, घरात लग्न, मयत, आजारपण असं काही असेल तर, पण त्यासाठी तहसिलीची नाहीतर मोहल्ल्याच्या कारभाऱ्याची चिठ्ठी लागायची. म्हणून अधिकाऱ्याने आल्या आल्या प्रेत बघायच्या आधी विचारायचं काय, तर त्या तीन रात्री चिठ्ठ्या कोणाकोणाला दिल्या. आणि तुझा तिसरा मयत वेशीवरचाच चौकीदार आहे, चिठ्ठी दाखवायची कोणाला तर त्यालाच. तो का मेला हे तू स्वतःच लिहून ठेवलंयस, तुला दिसत नाही एवढंच.

रायटर_निवृत्त
मी चाळीसगाव तालुक्यात आणि नंतर दोन-तीन ठाण्यांना रायटर होतो, सगळी सर्व्हिस पंचनामे लिहिण्यात गेली, म्हणून चार शब्द. वरच्या भाऊंचं चिठ्ठीचं बरोबर आहे पण तपासात सगळ्यात पहिला प्रश्न येतो हद्दीचा. नदीत बॉडी वाहून आली की अलीकडचं ठाणं म्हणतं पलीकडच्या काठाला लागली होती आणि पलीकडचं म्हणतं आमच्याकडून नुसती पुढे गेली, मी स्वतः दोन तास गुडघाभर पाण्यात उभा राहून हा वाद ऐकलाय. तुमच्या त्या शहरात असं काही होतं का? असेल तर कालव्यातला चौकीदार तिथंच टाका. हद्दीच्या भांडणात पुरावा अर्धा जातो हे कोणालाही पटेल.

रावेरची_केळी
काका काय बोललात! होतं ना. शहराच्या मधोमध दीडशे मीटर रुंदीचा राजरस्ता होता, त्याच्या पश्चिमेला छांगआन तालुका आणि पूर्वेला वाननिएन तालुका, दोन वेगळे अधिकारी, दोन वेगळ्या कचेऱ्या. आणि रस्त्यावरची गस्त तिसऱ्याच खात्याकडे, जिनवू नावाच्या पहारेकरी सैन्याकडे. म्हंजे तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायची पूर्ण सोय सरकारनेच करून ठेवलेली.

डॉक्टरताई_चोपडा
ग्रामीण रुग्णालयात पीएम (शवविच्छेदन) करते म्हणून प्रेतांवर बोलते, जेवताना वाचू नका.

तिन्ही मरणं तुम्ही नकळत छान निवडलीत कारण तिन्हीत एकच प्रश्न आहे, माणूस त्यात मेला की आधी मेला आणि मग तसं दाखवलं. लटकलेल्याची खूण आम्ही आजही तीच बघतो, फासाचा वळ हनुवटीखालून कानामागे तिरका वर चढतो आणि मागे जुळत नाही. गळा आवळला असेल तर वळ आडवा, मानेभोवती फिरलेला. सोंग त्सीने हे लिहून ठेवलंय, पण डोळ्याला दिसणारी गोष्ट आहे, तांग काळातल्या अनुभवी माणसाला पुस्तकाशिवाय दिसली तर कोणी हरकत घेणार नाही.

मुनीमाचं तर तुमच्याकडे तयार उत्तर आहे आणि ते तांगच्याही आधीचं, तिसऱ्या शतकातलं. चांग जू नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट. नवरा घरात जळून मेला असं बायको म्हणते, सासरचे म्हणतात हिनेच मारलं. त्याने दोन डुकरं मागवली, एक मारून आगीत टाकलं, एक जिवंत. जिवंत जळालं त्याच्या तोंडात राख, मेलेल्याच्या तोंडात नाही. मग नवऱ्याचं तोंड उघडलं तर स्वच्छ. श्वास घेतला तरच राख आत जाणार, आम्ही आजही श्वासनलिकेत काजळी शोधतो ती यासाठीच. (डुकरं स्टेजवर आणू नका, नुसतं सांगा.)

चौकीदाराचं तसंच, जिवंत बुडाला तर नाकातोंडात फेस, नखात गाळ.

आणि एक विनंती, ती चांदीची सुई घालू नका. सगळ्या सिरीयलमध्ये असते, घशात सुई घातली, काळी पडली, विष सापडलं. चांदी काळी पडते गंधकामुळे. जुना सोमल (आर्सेनिकचं विष) नीट शुद्ध केलेला नसायचा, त्यात गंधक असायचं म्हणून सुई काळी व्हायची. पण सडायला लागलेल्या प्रेतातूनही गंधकाचा वायू निघतो, मग विष नसतानाही सुई काळी. घरी उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावून बघा. म्हंजे घालायचीच असेल तर अशी घाला की सुई काळी पडते आणि त्यावर भलताच माणूस पकडला जातो.

जाता जाता, सोंग त्सी म्हणतो की अधिकाऱ्याने वासाला कंटाळून लांब बसू नये, नाकाला तिळाचं तेल लावावं, तोंडात आलं धरावं. आमच्याकडे व्हिक्स असतं. बाकी काही बदललं नाही.

खान्देशी_ठसका
भो, भारी धागा शे! मन्हा आजा असत्या तर रात्रभर आयकता. (बाकी मराठीत लिहितो नाहीतर पुण्याकडचे म्हणतील भाषांतर द्या.)

माश्यांची गोष्ट कशी नाही आली अजून? एका गावात माणूस मारला, जखमा विळ्याच्या. अधिकाऱ्याने अख्ख्या गावाचे विळे मागवले आणि उन्हात ओळीने जमिनीवर मांडायला लावले. उन्हाळ्याचे दिवस. सत्तर-ऐंशी विळे, आणि माश्या एकाच विळ्यावर घोंघावायला लागल्या. धुतलेला होता, पण माशीला कळतं. मालकाने तिथंच पाय धरले. आपल्याकडे ज्वारी कापणीच्या वेळी हे केलं तर प्रत्येक विळ्यावर माश्या बसतील कारण निम्म्या लोकांनी त्यानेच आंबा कापलेला असतो, पण गोष्ट म्हणून तोड नाही.

डॉक्टरताई_चोपडा
ती सोंग त्सीच्या पुस्तकातलीच आहे ठसका भाऊ. पण त्यात लोक विसरतात ते असं की विळे मागवायच्या आधी त्याने मयताच्या बायकोला विचारलं की याचं कोणाशी वाकडं होतं का, आणि तिने एकाचं नाव सांगितलं होतं, उसन्या पैशावरून. माशीने फक्त शिक्कामोर्तब केलं.

मामलेदाराचा_नातू
सगळे पुराव्यावर बोलताय पण पुरावा कोणाला पाहिजे होता? त्या काळी कबुली दिल्याशिवाय शिक्षाच होत नव्हती. अधिकारी तोच फौजदार, तोच सरकारी वकील, तोच जज. कबुली येईपर्यंत मारायचं. मग राखबिख कशाला बघेल तो?

रावेरची_केळी
अर्धं बरोबर आहे नातू साहेब. मारायची मुभा होती, पण तांगच्या कायद्यात, ६५३ ची टीकेसह प्रत आजही मिळते, त्याला मोजमाप होतं. जास्तीत जास्त तीन वेळा, मध्ये वीस दिवसांचं अंतर, आणि सगळे मिळून दोनशे फटक्यांच्या वर नाही. दोनशे खाऊनही माणूस कबूल झाला नाही तर जामिनावर सोडायचा आणि मग, आता ऐका, ज्याने तक्रार केली त्याला उलटे तेवढेच फटके. फक्त मयताचे घरचे तक्रारदार असतील तर त्यांना सूट. आणि पुरावा उघड असेल, शंकेला जागाच नसेल, तर कबुली नसतानाही निकाल देता यायचा असंही कलम होतं. म्हणून राख बघायची. ज्याला मारायचं नाही त्या अधिकाऱ्यासाठी राख हीच वाट होती.

पण तुमचं म्हणणं सोडू नये असं वाटतं, कारण खऱ्या छांगआनमधला सगळ्यात गाजलेला खून तुमच्याच बाजूने साक्ष देतो. ८१५ साल, उन्हाळा. वू युआनहंग नावाचा प्रधान पहाटे अंधारात दरबाराला जायला मोहल्ल्याच्या वेशीतून निघाला. मारेकऱ्यांनी आधी दिवे विझवले, मग बाण, मग त्याला मारून मुंडकं घेऊन गेले. त्याच पहाटे दुसऱ्या मोहल्ल्यात पेई दू नावाच्या अधिकाऱ्यावर हल्ला, डोक्यावर वार, पण टोपी जाड नमद्याची, म्हंजे दाबलेल्या लोकरीची होती म्हणून वाचला, चरात पडला. राजधानीत, पहाऱ्यात! वर मारेकऱ्यांनी कचेऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या, मला पकडायची घाई करू नका नाहीतर आधी तुम्हालाच मारीन. तपासणारेच घाबरले. कवी बाय जूई, तोच तो मोठा, त्याने अर्ज केला की लवकर पकडा, तर त्याच्यावरच ठपका, तुझं काम नव्हतं बोलायचं, आणि त्याची बदली लांब जियांगझौला.

मग बक्षीस लावलं, घरांची झडती झाली आणि चांग येन वगैरे एका सरदाराची माणसं पकडली. त्यांनी कबुली दिली. दरबारात काहींना शंका होती तरी त्यांना मारलं. चार वर्षांनी ८१९ ला ली शिदाव नावाचा दुसराच बंडखोर सरदार पडला, त्याचं दप्तर जप्त झालं, आणि त्यात नोंद सापडली, वू युआनहंगला मारणाऱ्यांना दिलेल्या बक्षिसाची. नावानिशी. ती नावं वेगळी होती.

रायटर_निवृत्त
शेवटी दप्तरातच सापडलं. बघा. मारेकरी पळतो, साक्षीदार फिरतो, हिशेब लिहिणारा मात्र लिहून ठेवतो.

डॉक्टरताई एक विचारायचं होतं, आपल्या फॉर्मवर माणसाचं पुढून-मागून चित्र असतं जखमा दाखवायला, तसं तिकडे होतं का?

डॉक्टरताई_चोपडा
होतं काका. छापील शवपरीक्षेचा नमुना ११७४ ला आणि पुढून-मागून मानवाकृतीचा १२११ ला. शिवाय दुसऱ्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. पण हे सगळं तांगनंतरच्या सोंग घराण्याच्या काळातलं, तांगमध्ये घालू नका नाटक्या, परत केळीभाऊ रागावतील.

गिरणाकाठचा_नाटक्या
अरे बापरे, दोन दिवस दुकानाच्या स्टॉकमध्ये होतो आणि इकडे तुम्ही अख्खं नाटक लिहून ठेवलं. रात्री बसून परत लिहायला घेतलं. मिशी काढली. पुस्तक काढलं. चांदीची सुई ठेवली, ती काळी पडते आणि व्यापाऱ्याचा आचारी पकडला जातो, फटके मोजणारा माणूस विंगेतून आकडे म्हणतो, एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्व्याण्णव, आणि दोनशेला आचारी कबूल होतो. सगळे खूश, वरच्या कचेरीला अहवाल जाणार. आणि मग अधिकारी मुनीमाचं तोंड उघडून बघतो, आत राख नाही, म्हंजे मुनीम आगीच्या आधी मेला, आणि त्या वेळी आचारी तर कचेरीच्या कोठडीत होता. कबुली हातात आहे आणि माणूस चुकीचा आहे. ताई म्हणाल्या आता याला उभं राहता येईल असं काहीतरी मिळालं.

हद्दीचा सीन पण घेतलाय काका, चौकीदाराचं प्रेत मध्ये आणि दोन तालुक्यांचे कारकून दोन बाजूला. प्रेताचं काम करणारा पोरगा तालमीत हसतो तेवढं सोडून चांगलं जमतंय. नगाऱ्याला मात्र अडचण आहे, भाड्याचा महाग पडतो, कोणाच्या ओळखीत आहे का?

खान्देशी_ठसका
आमच्या भजनी मंडळाचा ढोल आहे, संबळ पण आहे. एक पाट वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी कबूल कर, घेऊन येतो.

रायटर_निवृत्त
मी येतो तालमीला, बसस्टँडला घ्यायला या. पण चिठ्ठी कोणाच्या सहीची होती ते सांगा ना. मोहल्ल्याचा कारभारीच ना?

गिरणाकाठचा_नाटक्या
काका, तिकीट वीस रुपये आहे.