२५ हजारांत ५.१? पाच डबडी नकोत, दोन धड स्पीकर घ्या

जुळेकर (धागाकर्ता)

दिवाळीत घरात ४३ इंची टीव्ही आला. चित्र झकास, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसले. आवाज आधी भिंतीशी बोलतो, उरलाच तर आपल्याशी. मग मी २५ हजार मंजूर करून घेतले. (मंजुरी कोणाची, ते विवाहितांना सांगायला नको.)

तीन आठवडे सोलापुरात नवी पेठेपासून होटगी रोडपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच पालुपद: "सर, ५.१ न्या, घराचं थिएटर होतंय." मी कागदावर हिशोब मांडला. ५.१ म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आणि या सगळ्यांना हाकणारा अॅम्प्लिफायर. २५ हजार सात जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन हजार. त्यातून पेटी, वायर, पॅकिंग आणि दुकानदाराचं कमिशन वजा करा, मग आतल्या कोनला (आवाज काढणाऱ्या पडद्याला) काय उरतं बघा. म्हणून माझं मत सरळ आहे. या बजेटमध्ये ५.१चा हट्ट सोडावा, दोन धड स्पीकर घ्यावेत आणि उरलेली मेहनत खोलीवर करावी.

मी केलेला खर्च: वापरलेले दोन बुकशेल्फ स्पीकर ९,५००, ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या तारेतून डिजिटल आवाज घेणारी खाच) असलेला छोटा स्टिरिओ अॅम्प ५,५००, वायर ६००, फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन लोखंडी स्टँड १,४००. एकूण १७,०००. आठ हजार अजून खिशात.

खोलीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण दुकानात याबद्दल अवाक्षर निघत नाही. हॉल १० बाय १४ फूट, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली तर मागून 'टर्रर्र' असा शेपूट येत होता. तोच शेपूट संवादातल्या प्रत्येक शब्दाला लागतो आणि मग आपण म्हणतो, स्पीकर खराब. घरात चादरींना तोटा नाही, सोलापूरच आहे. सोफ्यामागच्या भिंतीपासून वीतभर पुढे पडद्याच्या दांडीवर दोन जाड चादरी चुण्या पाडून लावल्या, फरशीवर सतरंजी टाकली. टाळीचा शेपूट गेला. खर्च दांडीचा.

आणखी एक. स्टिरिओ अॅम्प ऑप्टिकलने जोडला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) ठेवा. मी ते 'ऑटो'वर ठेवून दोन दिवस अॅम्पला शिव्या दिल्या. टीव्ही डॉल्बीचा आवळलेला प्रवाह तसाच पुढे ढकलत होता आणि बिचाऱ्या अॅम्पला ती भाषाच येत नव्हती.

पूर्वभाग

काय सांगलालाव राव! १७ हजार घालून दोनच स्पीकर? आमच्या अशोक चौकाकडं मिस्त्रीनं १४ हजारांत पूर्ण ५.१ करून दिलाय. आठ इंची सब, प्लायची पेटी, ब्लूटूथ, यूएसबी, रिमोट, सगळं. चार वर्षं झाली. मध्ये एकदा आयसी (आवाज वाढवणारी चिप) उडाली तर दोनशे रुपयांत, चहा होईपर्यंत बसवून दिली. तुमच्या त्या ब्रँडेड अॅम्पचं बोर्ड गेलं की पुण्याला पाठवा, महिनाभर वाट बघा, आणि शेवटी उत्तर येणार, "पार्ट मिळत नाही." गरिबाच्या थिएटरला नावं ठेवू नका.

साउंडबारसुखी

दोघंही चूक. एक साउंडबार, एक एचडीएमआय केबल, एक रिमोट. टीव्ही चालू केला की बारही चालू होतो. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, ते स्वतः लावतात. तुमच्या घरी पाहुणे आले तर त्यांना टीव्ही लावता येतो का, तेवढं सांगा.

जुळेकर

@साउंडबारसुखी, पाहुण्यांना टीव्ही लावता आला नाही तर ते लवकर जातात, हा फायदा धरलाच नव्हता. हलकं घ्या. पण मुद्दा मान्य, वडीलधाऱ्यांसाठी बार सोयीचाच. फक्त मीटरभराच्या पट्टीतून डावं-उजवं किती वेगळं ऐकू येणार?

@पूर्वभाग, दुरुस्तीच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर. मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही, स्टिकरला ठेवतो. तुमच्या पेटीवर किती वॅट लिहिलंय?

पूर्वभाग

५००० वॅट पीएमपीओ. हसू नका.

जुळेकर

हसत नाही. झाकण उघडून ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय ते बघा. १२-०-१२, ५ अँपिअर असेल तर २४ गुणिले ५, म्हणजे १२० व्हीए (ढोबळमानाने वॅटच). आत १२० जात असताना बाहेर सतत ५००० कुठून येणार? आणि तेही सहा चॅनेलांत (प्रत्येक स्पीकरचा वेगळा आवाज) वाटायचे. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा, आरएमएस (सतत मिळणारे वॅट) विचारायचा. तसंही घराला वॅट फारसे लागत नाहीत. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ८८ देतो. तीन मीटरवर बसलात तरी ७८-७९ मिळतात, म्हणजे शेजारी ऐकू लागेल इतके.

दुसरं, ते खरंच ५.१ आहे का? यूट्यूब नको, तिथे बहुतेक वेळा दोनच चॅनेल येतात. पेनड्राइव्हवर चॅनेल तपासायची ५.१ फाइल घेऊन लावा. 'मागचा डावा' म्हटल्यावर आवाज फक्त मागच्या डाव्यातून आला तर डिकोडर खरा. सगळीकडून आला तर दोन चॅनेलचाच आवाज पाच जागी वाटलाय.

होटगी रोडची

इतका वेळ वाचत होते. जुळेकर, तुमच्या सगळ्या मांडणीत ऐकणारा माणूस एकच आहे, आणि तो सोफ्याच्या मधोमध बसलाय. तो तुम्हीच असणार.

आमच्या घरात सहा माणसं आहेत. सोफ्यावर तिघं, मुलं खाली गादीवर, आणि सासूबाई उजवीकडे दिवाणावर. त्यांना तेलुगू सिनेमे आवडतात आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दोन स्पीकर लावले की संवाद मधून आल्याचा भास होतो, पण तो मधल्या जागेवर बसलेल्यालाच. दिवाणावर बसलं की सगळं उजव्या स्पीकरला चिकटतं आणि नट डावीकडे उभा असला तरी बोलतो उजवीकडून. ५.१च्या सिनेमात बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात आणि म्हणूनच सेंटर स्पीकर असतो. तो खरोखर टीव्हीखाली ठेवलेला असतो, त्यामुळे कुठूनही ऐका, माणूस पडद्यावरूनच बोलतो. शिवाय संवाद दबले तर एकट्या सेंटरचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवता येतो. तुमच्या दोनात तो सगळ्यात मिसळलेला, वाढवला की मारामारीही वाढणार.

तेव्हा मागचे दोन सोडा, सब सोडा, पण सेंटर सोडू नका. आमच्याकडे पुढचे तीनच आहेत.

मंगळवेढ्याची ज्वारी

+१. माझा रस्ता तिसराच. जुना रिसीव्हर (५.१चा आवाज उकलून सगळे स्पीकर हाकणारा अॅम्प) घ्या. यामाहा, डेनॉन, ओंक्यो यांचे दहा-बारा वर्षांपूर्वीचे ५.१ रिसीव्हर लोक 'एचडीएमआयला ४के चालत नाही' म्हणून काढून टाकतात. चालू दे नाहीतर न चालू दे! सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक टीव्हीलाच लावायची आणि टीव्हीतून एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज उलट पाठवायची सोय) किंवा ऑप्टिकलने फक्त आवाज रिसीव्हरकडे आणायचा. चित्र त्याच्यातून जातच नाही. एक पथ्य आहे. ऑप्टिकलवरून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ओटीटीवालं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणून टीव्हीला ते बदलून देता येतं का ते घेण्याआधी बघा. आज दोन स्पीकर जोडा, पगार झाला की सेंटर, दसऱ्याला सब. जुळेकरांचा अॅम्प मात्र जन्मभर दोनाचाच राहणार.

घेताना कोनच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुना फोम पापडासारखा होतो. रबराची कड असेल तर बरं.

वरच्या मजल्यावरचा

मी यापैकी काहीच घेत नाही. माझ्या खाली राहणाऱ्याने सबवूफर घेतलाय, त्यामुळे मला फुकट ऐकू येतं. फक्त 'धम्म', बाकी काही नाही. स्लॅबमधून संवाद येत नाहीत, खर्ज तेवढा येतो. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण त्याला कायदा काय दाखवणार, त्याच्याच मुलाला मी गणित शिकवतो.

पूर्वभाग

त्यांना सांगा, भिंतीला चादरी लावा.

जुळेकर

चादरीनं खर्ज अडत नाही हो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तिच्यापुढे चादर म्हणजे वाऱ्यापुढे पदर. चादर वरच्या पट्टीच्या खणखणाटावर चालते, शेजाऱ्यावर नाही.

खालच्यांना सब कोपऱ्यातून बाहेर काढायला सांगा. कोपऱ्यात खर्ज फुगतो. शिवाय खोलीचा स्वतःचा एक सूर असतो: ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या दुप्पट. १२ फुटी खोलीला ३४३ भागिले ७.३२, म्हणजे ४७ हर्ट्झ. (३४३ हा २० अंशांचा आकडा. आपल्याकडे मे महिन्यात ३५५ धरा.) चौरस खोलीत लांबी-रुंदी दोन्ही त्याच सुरावर घुमतात. सब सोफ्याच्या जागी ठेवायचा, एकच खर्जाचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज घुमत नाही पण गायबही होत नाही, तिथे सब न्यायचा. बायको-मुलं घरी नसताना हे करावं.

होटगी रोडची

रांगून झालं असेल तर सेंटरचं उत्तर द्या.

जुळेकर

देतो. काल रात्री मुद्दाम डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसून अर्धा सिनेमा पाहिला. तुमचं खरं आहे. सगळे डाव्या स्पीकरमधून बोलत होते. बायको रोज त्याच खुर्चीवर बसते आणि गेला महिनाभर काही बोलली नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

पाच डबड्यांबद्दलचं मत कायम आहे. पण दोनाऐवजी तीन म्हणायला हवं होतं, आणि अॅम्प घेण्याआधी ज्वारीसाहेबांचा प्रतिसाद वाचायला मिळाला असता तर ५,५०० वाचले असते. आता तो विकून रिसीव्हर शोधतो, आठ हजार आहेतच. अडचण वेगळीच आहे. सेंटर बाजूच्या दोघांच्याच जातीचा हवा, नाहीतर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की मधेच त्याचा आवाज बदलतो. माझे स्पीकर बंद झालेल्या मॉडेलचे आहेत, तिसरा भाऊ कुठून आणू?

मंगळवेढ्याची ज्वारी

त्याच मॉडेलची आणखी एक जोडी बघा, एक सेंटरला, एक सुटा ठेवा. न मिळाल्यास निदान त्याच कंपनीचा, तेवढ्याच आकाराच्या कोनचा. जुळवाजुळव थोडी रिसीव्हरसोबतचा आवाज मोजायचा माइक करतो, फार आशा नको.

पूर्वभाग

झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ४ अँपिअर. म्हणजे ९६. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "स्टिकर तसाच छापून येतो, मी काय करू." चॅनेलची फाइल पण लावली. मागचा डावा सगळीकडून बोलला.

तरीपण आवाज मला आवडतो, मी काय पेटी काढणार नाही. जुळेकर, तुमच्या स्पीकरची जाळी काढून कोनचा आणि ट्वीटरचा (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरचा) फोटो टाका, मागचे आकडेही दिसू द्या. मिस्त्री म्हणतोय तसलाच कोन जुन्या मालात बघतो, पेटी मापाची करून देतो. क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरची पट्टी वाटून देणारं सर्किट) मात्र तुमच्यातला एक उघडून बघावा लागेल.

जुळेकर

उघडायला धीर होत नाही, पण फोटो टाकतो. आत्ता लाइट गेलीय.